वंशावळी सॉफ्टवेअरमधील अनिश्चित नातेसंबंध

ज्या नात्याला पुरेसा पुरावा नाही, ज्याचे पुरावे परस्परविरोधी आहेत किंवा जे केवळ अनुमानाने मांडले आहे, असे नाते सिद्ध नात्यापासून वेगळे ओळखू यावे म्हणून वंशावळीच्या संगणकीय नोंदीत ज्या पद्धती वापरल्या जातात, त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. माहीत नसलेले नाते आणि शंकास्पद नाते यांत फरक आहे. पहिल्यात जागा रिकामी असते. दुसऱ्यात एक नाव पुढे आलेले असते, पण ते तेथे बसवावे की नाही याचा निर्णय झालेला नसतो.

या अडचणीचे मूळ संगणकापेक्षा जुने आहे. पूर्वजांना क्रमांक देण्याच्या रूढ पद्धतीत मूळ व्यक्ती १, तिचा पिता २, माता ३ आणि पुढे प्रत्येकाचा पिता त्याच्या क्रमांकाच्या दुप्पट, तर माता दुपटीहून एकाने अधिक, अशी मांडणी असते. ही पद्धत सोसा-स्ट्राडोनिट्झ या नावाने ओळखली जाते. जेरोनिमो द सोसा यांनी ती १६७६ मध्ये वापरली व स्टेफान केकुले फॉन स्ट्राडोनिट्झ यांनी १८९८ मध्ये तिचा प्रसार केला. तथापि मिखाएल आयट्सिंगर यांच्या १५९० मधील ग्रंथात ती आधीच आढळते, त्यामुळे आद्यत्वाचा मान त्यांच्याकडे जाणे अधिक सयुक्तिक वाटते. श्रेय कोणालाही दिले, तरी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एकच : या मांडणीत एका क्रमांकाला एकच व्यक्ती असते. पित्याच्या जागेसाठी दोन नावे पुढे आली, तर क्रमांक त्यांतील एकालाच मिळतो. कागदावरचा तक्ता काढणारा तेथे तुटक रेघ किंवा प्रश्नचिन्ह देऊन मोकळा होत असे. संगणकीय नोंदीत मात्र दुवा असतो किंवा नसतो.

वंशावळीच्या देवाणघेवाणीसाठी जवळजवळ सर्वत्र वापरला जाणारा जेडकॉम हा नमुना चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स या संस्थेने १९८४ मध्ये पुढे आणला. त्यात अपत्य हे पिता व माता यांना स्वतंत्रपणे जोडलेले नसून ‘कुटुंब’ या एकत्रित नोंदीला जोडलेले असते. याचा परिणाम एका साध्या उदाहरणावरून ध्यानात येईल. अनेक जनगणनांमध्ये प्रत्येक व्यक्तीचे नाते कुटुंबप्रमुखाशीच लिहिलेले असते. पानावर प्रमुखाखाली पत्नी, तिच्याखाली सात वर्षांचा ‘मुलगा’ अशी नोंद सापडली, तर तो प्रमुखाचा मुलगा म्हणून नोंदला गेला एवढेच त्यावरून कळते. ती स्त्री त्याची आई की सावत्र आई, हे ते पान सांगत नाही. सॉफ्टवेअरमध्ये त्याला त्या कुटुंबाशी जोडताच मातृत्वही आपोआप लिहिले जाते, आणि संशोधकाने कधीच न केलेले विधान त्याच्या नावावर जमा होते.

या दुव्याला विशेषण लावण्याची सोय जेडकॉममध्ये टप्प्याटप्प्याने आली. दुव्याचा प्रकार (जन्माने, दत्तक, सांभाळलेले इत्यादी) सांगणारी खूण ५.५ या आवृत्तीत होती. १९९९ मध्ये मसुदा म्हणून आलेल्या आणि २०१९ मध्ये अंतिम ठरवलेल्या ५.५.१ आवृत्तीत दुव्याची स्थिती सांगणारी खूण आली. तिची मूल्ये ‘शंकित’, ‘असिद्ध ठरलेला’ आणि ‘सिद्ध’ अशी तीन आहेत. २०२१ च्या ७.० आवृत्तीत या मूल्यांसोबत मुक्त शब्दांत स्पष्टीकरण देण्याची मुभा मिळाली. परंतु दोन्ही खुणा संपूर्ण कुटुंबाच्या दुव्याला लागतात, त्यामुळे ‘पिता निश्चित, माता शंकित’ हे त्यांतून नीट सांगता येत नाही. म्हणूनच काही सॉफ्टवेअरांनी पित्याशी व मातेशी असलेले नाते वेगळे सांगणाऱ्या स्वतःच्या खुणा काढल्या. दुसऱ्या सॉफ्टवेअरला त्या समजतीलच असे नाही. फाइल हलवताना शंका गळून पडते आणि दुवा तेवढा शिल्लक राहतो.

याहून अधिक गोंधळ जेडकॉममधील ० ते ३ या विश्वासार्हता-अंकाबाबत आहे. ० म्हणजे अविश्वसनीय किंवा अंदाजी माहिती, १ म्हणजे शंकास्पद, २ म्हणजे घटनेनंतर काही काळाने झालेली अधिकृत नोंद आणि ३ म्हणजे प्रत्यक्ष व प्राथमिक पुरावा. येथे विश्वासाची पातळी व पुराव्याचा प्रकार या दोन वेगळ्या गोष्टी एकाच मापात घातल्या आहेत. शिवाय हा अंक आधाराच्या उल्लेखाला लागतो, नात्याला नव्हे. एखादे जन्मपत्र निर्दोष असेल, ३ या अंकास पात्रही असेल. पण त्यातील पिता म्हणजे आपल्या तक्त्यातील त्याच नावाचा माणूस होय, हे अनुमान तरीही कच्चे असू शकते.

यावर अभ्यासकांत दोन मते दिसतात. एका मतानुसार तक्त्यात निष्कर्षच असावेत व शंका टिपणात लिहावी. दुसऱ्या मतानुसार प्रत्येक दस्तऐवजातील व्यक्ती आधी स्वतंत्र नोंदवावी आणि त्या एकच आहेत हे विधान कारणासह वेगळे ठेवावे. २००० साली प्रसिद्ध झालेली जेनटेक या संस्थेची माहिती-रचना याच विचाराची आहे. दुसरा मार्ग कष्टाचा आहे. परंतु पुढे चूक आढळल्यास केवळ विधान मागे घेता येते, मूळ नोंदी शाबूत राहतात, हा त्याचा लाभ मोठा आहे.

प्रचलित साधनांपैकी ग्रॅम्प्स या वंशावळी सॉफ्टवेअरमध्ये पिता व माता यांच्याशी असलेले नाते वेगवेगळे निवडता येते, त्यात ‘अज्ञात’ हाही पर्याय आहे, आणि आधारांसाठी विश्वासाच्या पाच पातळ्या आहेत. त्या जेडकॉमच्या चार अंकांत जशाच्या तशा बसत नाहीत. विकीट्री या सामाईक वंशावळीच्या संकेतस्थळावर प्रत्येक पालकासाठी ‘अनिश्चित’ ही स्थिती देता येते. जेथे अशी सोय नाही, तेथे नावाच्या रकान्यातच प्रश्नचिन्ह घालण्याची सवय आढळते. ती टाळावी, कारण त्याने शोध व क्रमवारी बिघडते आणि शंका नावाविषयी आहे की नात्याविषयी, हेही कळत नाही. संभाव्य पित्याची नोंद दुव्याविना करून, दोन्ही व्यक्तींच्या टिपणांत परस्परांचा उल्लेख व तारखेसह कारण लिहिणे अधिक सुरक्षित ठरते.

डीएनए चाचणीने जैविक नात्याचा प्रश्न काही प्रमाणात सुटतो. पालक व अपत्य यांच्यात सुमारे निम्मा वाटा समान असल्याने ते नाते सहसा स्पष्ट होते. पण सावत्र भावंडे (एक पालक समान असलेली), आजोबा-नातू आणि काका-पुतण्या या तिन्हींत समान वाटा सरासरी एक चतुर्थांशच असतो, त्यामुळे केवळ त्या आकड्यावरून त्यांतील नेमके नाते निवडता येत नाही.