दोषी ठरलं म्हणजे थेट जेल असं नाही, प्रोबेशन कोणाला मिळतं, कसं मागायचं

पहिल्यांदाच केसमध्ये अडकलेल्या पोराच्या घरचे जामीन, वकिलाची फी, पुढची तारीख सगळं विचारतात, पण दोषी ठरला तर प्रोबेशन, म्हणजे जेलऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सुटका, मागता येतं हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, म्हणून हे लिहितोय.

कायदा जुना आहे, अपराधी परिवीक्षा अधिनियम, 1958. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते तो सोडून बाकी गुन्ह्यांत कलम 4 खाली जज शिक्षा न सुनावता चांगल्या वर्तणुकीच्या बॉण्डवर (लेखी हमीपत्रावर) सोडू शकतात, जास्तीत जास्त 3 वर्षांसाठी. साधी चोरी, फसवणूक किंवा 2 वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल आणि आधी कधी शिक्षा झालेली नसेल तर कलम 3 खाली नुसती ताकीद देऊनही सोडतात. वय 21 च्या आत असेल तर हक्क अजून पक्का, कोर्टाला प्रोबेशन ऑफिसरचा (आरोपीच्या घरची, वागण्याची चौकशी करणारा अधिकारी) रिपोर्ट मागवावाच लागतो आणि तरीही जेल द्यायची तर कारणं लिहावी लागतात. वय दोषी ठरवतात त्या दिवशीचं धरतात, गुन्ह्याच्या दिवशीचं नाही, त्यामुळे केस रखडली की हा फायदा हातातून जातो.

आता थोडी जेल आणि थोडं प्रोबेशन असं मिळतं का? अमेरिकेत कॅलिफोर्नियात गंभीर गुन्ह्यातही प्रोबेशनची अट म्हणून एक वर्षापर्यंत काउंटी (स्थानिक) जेल लावतात. आपल्या कायद्यात प्रोबेशन हे शिक्षेच्या ऐवजी आहे, म्हणून ट्रायल कोर्टात सहसा हे किंवा ते. पण जानेवारी 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने पंजाबच्या एका केसमध्ये, जिथे किमान 7 वर्षांची शिक्षा होती, अर्धी शिक्षा भोगून झाल्यावर त्या तरुणांना प्रत्येकी दोन जामीनदार घेऊन प्रोबेशनवर सोडायला सांगितलं. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. मात्र बेदरकार गाडी चालवून कोणाचा जीव गेला असेल तर फार आशा धरू नका, तिथे सुप्रीम कोर्टाची भूमिका 2000 पासूनच कडक आहे.

मागायचं कधी, तर दोषी ठरवल्यावर शिक्षेच्या मुद्द्यावर विचारतात तेव्हा. त्यावेळी बहुतेक जण हात जोडून साहेब घरात लहान मुलं आहेत एवढंच म्हणतात, तसं न करता वकिलाकडून कलम 4 चा लेखी अर्ज द्या. सोबत वयाचा पुरावा (शाळा सोडल्याचा दाखला उत्तम), आधार, रेशनकार्ड, नोकरीचं किंवा कॉलेजचं पत्र, घरात कोणी आजारी असेल तर त्याचे कागद, आणि जामीनदार मागितला तर त्याचे आधार, सातबारा किंवा पगाराची स्लिप. आरोपी किंवा जामीनदार यापैकी एकाचं त्या कोर्टाच्या हद्दीत, किंवा बॉण्डच्या काळात आरोपी जिथे राहणार आहे तिथे, कायमचं घर किंवा नियमित कामधंदा हवाच, या एका मुद्द्यावर अर्ज अडकू शकतो.

प्रोबेशन ऑफिसर घरी येतात, शेजारीपाजारीही विचारतात, त्यांच्यापासून काही लपवू नका, रिपोर्ट गोपनीय असतो. अटी मोडल्या तर मूळ गुन्ह्याची शिक्षा पुन्हा डोक्यावर येते.

कलम 12 मुळे दोषी ठरल्याने येणारी अपात्रता लागत नाही, पण दोषसिद्धी पुसली जात नाही आणि सरकारी नोकरीत खात्याची कारवाई होऊ शकते, हे आधीच वकिलाला विचारून घ्या. आणि खालच्या कोर्टाने नाही म्हटलं तरी कलम 11 प्रमाणे अपिलात सेशन्स किंवा हायकोर्टही प्रोबेशन देऊ शकतं, तिथे हाच मुद्दा परत मांडा.