तळाला गेलेला बास्केटबॉल संघ वर कसा येतो?

अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये 2023-24 च्या मोसमात डेट्रॉइट पिस्टन्सचा संघ सलग 28 सामने हरला. 82 सामन्यांत 14 विजय आणि 30 संघांत तळाचा क्रमांक. पुढच्याच मोसमात याच संघाने 44 सामने जिंकून प्लेऑफ, म्हणजे विजेतेपदाची अंतिम बाद फेरी, गाठला. मधल्या उन्हाळ्यात त्यांच्या हाती एकही नवा महान खेळाडू लागलेला नव्हता. तळाच्या संघांनी गिरवावा असा धडा म्हणूनच मला इथे दिसतो.

अशा संघाला मिळणारा सल्ला ठरलेला असतो: आणखी हरा. नवे खेळाडू ड्राफ्टमधून येतात, संघ पाळीपाळीने त्यांची निवड करतात आणि दुबळ्या संघाची पाळी आधी येते. पण पहिली पाळी कोणाची, हे सोडतीने ठरते. यंत्रात 1 ते 14 क्रमांकांचे चेंडू हवेच्या झोतावर घुसळतात. वीस सेकंदांनी पहिला चेंडू निघतो, मग दर दहा सेकंदांनी एकेक, असे एकूण चार. क्रम न मोजता 14 मधून चार चेंडू निवडण्याचे 1001 प्रकार होतात. त्यातला 11-12-13-14 हा बाद धरतात आणि उरलेले 1000 प्रकार प्लेऑफ हुकलेल्या संघांत वाटतात. पूर्वी शेवटच्या संघाला त्यातले 250 मिळत. 2019 च्या सोडतीपासून तळाच्या तिन्ही संघांना प्रत्येकी 140 मिळू लागले. म्हणजे शेवटून तिसरा आणि शेवटचा यांची पहिल्या निवडीची संधी सारखीच, 14 टक्के.

सोडत फक्त पहिल्या चार जागांची होते. त्यामुळे शेवटच्या संघाला सर्वात वाईट म्हणजे पाचवी पाळी मिळते, आणि तशी मिळण्याची शक्यता 47.9 टक्के! पिस्टन्स 2023 मध्ये तळाला होते, 2024 मध्येही होते. दोन्ही वेळा त्यांना पाचवीच पाळी मिळाली. 0.479 चा वर्ग केला तर साधारण 0.23 येतो, म्हणजे असे घडणे काही अघटित नव्हे. 2024 ची पहिली निवड तर अवघी तीन टक्के शक्यता असलेल्या अटलांटा हॉक्सने पटकावली. मुद्दाम हरण्याच्या मी ठाम विरोधात आहे. प्रेक्षकांचा विश्वास आणि तरुण खेळाडूंची उमेद एवढ्या पातळ शक्यतेवर लावू नये.

मग आहेत त्यांच्यातले ठेवायचे कोण आणि सोडायचे कोण? इथे आकडे फार फसवतात. एखाद्या खेळाडूची तीन गुणांच्या, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून मारलेल्या, शॉटची खरी क्षमता 36 टक्के आहे असे समजू. मोसमात त्याने 200 शॉट मारले, तर त्यातले 72 पडायला हवेत. पण केवळ योगायोगाने 60 किंवा 84 पडणेही सहज शक्य असते. म्हणजे तोच माणूस एका वर्षी 30 टक्क्यांचा टाकाऊ आणि दुसऱ्या वर्षी 42 टक्क्यांचा हिरा दिसतो. एका मोसमावरून कोणाला काढू नये आणि कोणावर तिजोरीही उघडू नये. अनेक वर्षांचे आकडे एकत्र धरावेत, फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) पाहावेत. फ्री थ्रोमध्ये अंतर ठरलेले आणि समोर बचावपटू नाही, त्यामुळे नेमबाजीचा मूळ हात तिथे स्वच्छ दिसतो.

पिस्टन्सकडे एक खरा मोहरा होता, 2021 मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला केड कनिंगहॅम. त्याच्याभोवती नेम धरणारी माणसे पुरेशी नव्हती. तो चेंडू घेऊन रिंगकडे घुसला की काय होते ते पाहा. त्याला अडवायला कोपऱ्यातला बचावपटू आत सरकतो. कोपऱ्यातल्या तीन गुणांच्या रेषेपासून रिंग 22 फुटांवर आहे. कोपऱ्यात उभा असलेला गडी नेमबाज नसेल, तर बचावपटू बिनधास्त आत थांबतो आणि कनिंगहॅमपुढे भिंत उभी राहते. नेमबाज असेल, तर आत आलेल्याला उलट पावली धावावे लागते, आणि चेंडूचा पास माणसापेक्षा वेगात पोहोचतो. तीन गुणांच्या मोकळ्या शॉटचा हिशेबही पाहा: 38 टक्के नेम म्हणजे दर प्रयत्नाला 1.14 गुण. दोन गुणांचा लांबचा शॉट 40 टक्के पडला तरी हाती फक्त 0.80 येतात.

2024 च्या उन्हाळ्यात डेट्रॉइटने टोबायस हॅरिस, मलिक बीझली आणि टिम हार्डवे ज्युनियर यांना आणले. तिघेही अनुभवी, पण कोणीही सुपरस्टार नाही. बीझलीने त्या मोसमात तीन गुणांचे 319 शॉट यशस्वी केले. वाट मोकळी मिळालेल्या कनिंगहॅमने सामन्यामागे 26.1 गुण आणि 9.1 असिस्ट (सहकाऱ्याच्या गुणांआधीचे पास) नोंदवले. प्रशिक्षकही बदलले होते, सगळे श्रेय नेमबाजांना देता येणार नाही. तरी एका चांगल्या खेळाडूची किंमत भोवतालच्या चौघांवर किती अवलंबून असते, हे इथे लख्ख दिसले.

ज्यांच्याकडे असा मोहराच नाही, त्यांनी ओक्लाहोमा सिटी थंडरकडे पाहावे. 2019 मध्ये आपला तारा पॉल जॉर्ज याला लॉस एंजेलिस क्लिपर्स या संघाकडे पाठवून त्यांनी शे गिल्जियस-अलेक्झांडर हा तरुण खेळाडू आणि ड्राफ्टच्या पहिल्या फेरीच्या पाच निवडी घेतल्या. त्यातल्याच एकीवर 2022 मध्ये बाराव्या क्रमांकाला जेलन विल्यम्स मिळाला, आणि 2025 मध्ये संघ विजेता झाला. समजा, एक निवड फळण्याची शक्यता 20 टक्के आहे. मग पाचांपैकी निदान एक फळण्याची शक्यता 67 टक्क्यांवर जाते. म्हणून विकायचाच असेल तर आपला तारा उमेदीच्या वर्षांत विकावा, आणि मोबदल्यात एका बड्या नावाऐवजी अनेक निवडी मागाव्यात.

घाई फक्त एका बाबतीत हवी. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा आणि तुलनेने स्वस्त असतो. तोवर लीगने संघाच्या एकूण पगारावर घातलेल्या मर्यादेत जागा उरते आणि त्या जागेत नेमबाज आणता येतात. कनिंगहॅमचा मोठा करार 2025-26 पासून लागू होणार होता. म्हणजे नेमबाजांसाठी स्वस्तात जागा काढायला डेट्रॉइटकडे 2024 चा तो एकच उन्हाळा उरला होता.