तेवोद्रोसची तोफ आणि मुंबईचे हत्ती

१८६७-६८ च्या थंडीत मुंबई बंदरातून ४४ हत्ती जहाजांत चढवले गेले. सोबत खेचरे, तोफा आणि मुंबई इलाख्याच्या पलटणी. निघाले होते हबसाणाला. हबसाण म्हटले की आपल्याला जंजिऱ्याचा सिद्दी आठवतो. हे मूळचे हबसाण, म्हणजे आजचे इथिओपिया. तिथल्या सम्राटाने इंग्रजांच्या वकिलाला, म्हणजे तिथल्या राजप्रतिनिधीला, बेड्या घातल्या होत्या.

हा सम्राट म्हणजे तेवोद्रोस दुसरा. मूळ नाव कासा हाइलू, जन्म १८१८ च्या सुमारास, सरहद्दीवरच्या क्वारा भागात. आई जंतांवरचे औषध विकायची, असे शत्रू हिणवत. त्या काळी राजधानी गोंडरचा सम्राट नावापुरता उरला होता आणि खरी सत्ता सरदारांच्या हाती होती. पेशवाईतल्या साताऱ्याच्या छत्रपतींची आठवण व्हावी अशी गत. कासाने आधी बंडखोरी केली, मग एकेका सरदाराला लोळवले आणि फेब्रुवारी १८५५ मध्ये स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला.

सैन्याने रयतेला लुटून पोट भरायचे ही जुनी रीत मोडून पगारी फौज उभी करायची, हा त्याचा मोठा बेत. पगाराला पैसा हवा, आणि उत्तम जमिनी तर चर्चकडे. दर चर्चला दोन पुरोहित आणि तीन सहायक पुरेत, उरलेल्या जमिनीवर कर बसवा, असे त्याने ठरवले. पुरोहितवर्ग खवळला, आणि त्यांच्याच तोंडी गावोगावचे जनमत. त्याच्या राज्याला खरा तडा इथेच गेला, असे मला वाटते. इंग्रज फार नंतर आले.

दब्र ताबोरजवळ गाफात इथे त्याने युरोपीय मिशनऱ्यांना तोफा ओतायला बसवले. ही मंडळी धर्मप्रचाराला आलेली, हातात कारागिरी होती पण तोफा कधी केल्या नव्हत्या. राजाने ऐकले नाही. चुकतमाकत अखेर सुमारे सात टनांची एक उखळी तोफ तयार झाली. तिचे नाव ‘सेव्हास्तोपोल’.

१८६२ मध्ये त्याने राणी व्हिक्टोरियाला मैत्रीचे पत्र लिहिले. लंडनच्या परराष्ट्र खात्यात ते तसेच पडून राहिले. अपमान झाला म्हणून १८६४ च्या जानेवारीत त्याने वकील कॅमेरॉन आणि इतर युरोपीयांना कैद केले. तोवर त्याचे राज्यही हातचे निसटू लागले होते. स्वभावाने तापट माणूस बंडे मोडता मोडता क्रूर झाला.

मग कैद्यांना सोडवायला इंग्रज सेनापती रॉबर्ट नेपियरची मोहीम निघाली. १३,००० सैनिक, त्याहून किती तरी जास्त बाजारबुणगे, तांबड्या समुद्रावरच्या झुला बंदरात धक्का आणि लोहमार्ग. या फौजेतल्या हिंदी पलटणींचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतून गेला. दादाभाई नौरोजींनी १८६७ मध्ये लंडनमध्ये या खर्चावर हरकत घेतली होती.

इकडे तेवोद्रोस डोंगर फोडून, रस्ता करत करत, ‘सेव्हास्तोपोल’ मग्दलाच्या गडाकडे ओढून नेत होता. शेकडो माणसे दोराला लागलेली, महिनोन्‌महिने. १० एप्रिल १८६८ ला आरोगेच्या मैदानात त्याची दुसरी एक मोठी तोफ पहिल्याच बाराला फुटली. त्याचे सातशेच्या आसपास लोक पडले, इंग्रजांकडचे दोन. त्याने युरोपीय कैदी सोडून दिले, पण शरण गेला नाही. १३ एप्रिलला गड पडला तेव्हा त्याने पिस्तुलाने स्वतःला संपवले. ते पिस्तूल राणी व्हिक्टोरियाकडूनच भेट आलेले.

गडावरची हस्तलिखिते, मुकुट, चर्चची भांडी इंग्रजांनी १५ हत्ती आणि सुमारे २०० खेचरांवर लादून नेली आणि वाटेत त्यांचा लिलाव केला. सात वर्षांचा राजपुत्र आलेमायेहूही त्यांच्यासोबत गेला. १८७९ मध्ये इंग्लंडातच वारला आणि विंडसरला पुरला गेला. मग्दलावर कैदेत वाढलेला एक मुलगा मात्र १८६५ मध्येच निसटला होता. तो मेनेलिक, पुढचा सम्राट. त्यानेच १८९६ मध्ये अडवाच्या लढाईत इटालियनांचा धुव्वा उडवला.

‘सेव्हास्तोपोल’ला मात्र कोणी नेऊ शकले नाही. ते धूड आजही मग्दलावरच पडून आहे.