क्लाउडवरील कंटेनरबद्ध उच्चक्षमता संगणन

हवामानाची प्रारूपे, रेणूंच्या हालचाली, द्रवप्रवाह अशी अनेक संगणकांवर मिळून चालणारी गणिते त्यांच्या लायब्ररींसह एका इमेजमध्ये (प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या फायलींच्या गठ्ठ्यात) बांधून भाड्याच्या क्लाउड यंत्रांवर चालवण्याची पद्धत. अशा इमेजमधून चालू झालेल्या, इतरांपासून वेगळ्या ठेवलेल्या प्रक्रिया म्हणजे कंटेनर. कंटेनरला स्वतःचे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) नसते. तो यजमान यंत्राचेच वापरतो. स्वतःच्या कर्नलसह चालणाऱ्या आभासी यंत्राहून त्याचे वेगळेपण यातच आहे.

कंटेनरचे मूळ कोठे धरावे, याविषयी मतभेद आहेत. १९७९ च्या सुमारास युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत आलेल्या ‘सीएच-रूट’कडे अनेक जण बोट दाखवतात. पण ती सोय फक्त प्रक्रियेची मूळ डिरेक्टरी बदलते. नेटवर्क किंवा प्रक्रियांचे क्रमांक ती वेगळे करत नाही. काही जण २००० मधील फ्रीबीएसडीच्या ‘जेल’ला हा मान देतात, आणि विलगीकरणाची कल्पना तेथे बरीच पूर्ण झालेली दिसते हे खरे. लिनक्समध्ये मात्र दोन धागे वेगवेगळे वाढले. प्रक्रियांना यंत्राचे वेगळे दृश्य दाखवणाऱ्या नेमस्पेस २००२ पासून टप्प्याटप्प्याने आल्या. त्यांतील वापरकर्त्यांचे क्रमांक व अधिकार वेगळे करणारी यूजर नेमस्पेस २०१३ च्या ३.८ कर्नलमध्ये वापरण्याजोगी झाली. मेमरी, प्रोसेसर अशा साधनांवर मर्यादा घालणाऱ्या सीग्रुपचे काम गूगलमध्ये २००६ च्या आसपास सुरू होऊन २००८ मध्ये मुख्य कर्नलमध्ये आले. आजचा कंटेनर या दोन धाग्यांच्या गाठीतून निर्माण झाला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. २०१३ मध्ये आलेल्या डॉकर या कंटेनर बनवण्याच्या व चालवण्याच्या साधनाने तो सर्वांच्या हाती दिला.

सामायिक महासंगणकांवर डॉकर रुजला नाही, कारण त्याची सेवा रूट, म्हणजे यंत्रावरील सर्वोच्च, अधिकाराने चालत असे. त्यातून शिफ्टर, सिंग्युलॅरिटी, चार्लीक्लाउड ही साधने अमेरिकेतील राष्ट्रीय प्रयोगशाळांत घडली. सिंग्युलॅरिटीची एक शाखा २०२१ पासून ‘अॅपटेनर’ नावाने लिनक्स फाउंडेशनकडे आहे. क्लाउडवर यंत्र त्या वापरकर्त्यापुरतेच असल्याने ही अधिकारांची अडचण बरीच बोथट होते.

कंटेनरमुळे निव्वळ आकडेमोड जवळजवळ मंदावत नाही. आयबीएमच्या संशोधकांनी २०१४ मध्ये केलेल्या तुलनेत कंटेनर जवळपास सर्व चाचण्यांत आभासी यंत्राच्या बरोबरीचा किंवा सरस ठरला. क्लाउडवर मात्र कंटेनर बहुधा आभासी यंत्राच्या आतच चालतो, त्यामुळे हा निष्कर्ष तेथे जसाच्या तसा लागू करता येत नाही.

खरी कसोटी प्रक्रियांमधील संवादाची. एमपीआय ही प्रक्रियांनी एकमेकींना संदेश पाठवण्याची प्रमाणित पद्धत. तिच्या प्रक्रिया सुरू करणारा प्रोग्राम अनेकदा कंटेनरबाहेर असतो आणि लायब्ररी आत. दोघांची आवृत्ती जुळली नाही, तर आठ प्रक्रियांच्या एका कामाऐवजी एकेका प्रक्रियेची आठ कामे चालू होऊ शकतात. अॅमेझॉनच्या क्लाउडवरील ईएफए किंवा मायक्रोसॉफ्टच्या अॅझुर क्लाउडवरील इन्फिनिबँड ही वेगवान नेटवर्क जोडणी कर्नलला वळसा घालून पॅकेट पाठवते. त्यासाठी संबंधित डिव्हाइस फाइल कंटेनरमध्ये दिसावी लागते, इमेजमध्ये जुळणारी लायब्ररी असावी लागते आणि मेमरी लॉक करण्याची (जागेवर धरून ठेवण्याची) मर्यादा उठवावी लागते. यांतले एखादे राहिले, तर काही मांडण्यांत काम थांबत नाही, मुकाट्याने टीसीपी या नेहमीच्या, कर्नलमार्गे जाणाऱ्या पद्धतीवर उतरते. उत्तर बरोबर येते, पण त्याला लागणारा वेळ फुगतो. म्हणूनच ही चूक सर्वांत घातक म्हणावी लागेल.

एकाच यंत्रावरील प्रक्रियांनाही अडथळे येतात. डॉकरमध्ये सामायिक मेमरीसाठीची जागा मुळात ६४ मेगाबाइटच असते. ती भरली की मोठी कामे ‘बस एरर’ देऊन कोसळू शकतात. प्रत्येक प्रक्रियेला स्वतंत्र यूजर नेमस्पेस मिळाल्यास कर्नल त्यांना एकमेकींची मेमरी थेट वाचू देत नाही आणि प्रत्येक संदेशाची जादा नक्कल करावी लागते. विलगीकरण हा कंटेनरचा गुण येथे मुद्दाम सैल करावा लागतो.

अनेक यंत्रांवर कंटेनर वाटून चालवणाऱ्या कुबरनेटिसची रचना मुख्यतः दीर्घकाळ चालणाऱ्या सेवांसाठी झाली. तो पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांचे गट) मुळात एकेक करून बसवतो, त्यामुळे दोन मोठी कामे अर्धी-अर्धी यंत्रे अडवून एकमेकांची वाट पाहत राहू शकतात. व्होल्केनोसारखे नियोजक ‘सगळे किंवा एकही नाही’ हा नियम लावून ही कोंडी टाळतात.

इमेज कोठेही चालते हा दावा मर्यादित अर्थानेच घ्यावा. एव्हीएक्स-५१२ या एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या प्रोसेसर-सूचनांसह संकलित केलेला प्रोग्राम त्या सूचना नसलेल्या प्रोसेसरवर लगेच बंद पडतो, तर सर्वसाधारण प्रोसेसरसाठी संकलित केलेला नव्या यंत्राचा वेग वाया घालवतो.