आवाज कोणाचा, भाषा कोणती?

बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या आसपास निहाली बोलली जाते. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार, आणि कुठल्याही ज्ञात भाषाकुळात ती अजून खात्रीने बसवता आलेली नाही. समजा, तिथल्या एका आजींनी सांगितलेली गोष्ट आपण ध्वनिमुद्रित केली. रेकॉर्डर फाइलला आपणहून नाव देतो 'एसटीई-००७'. गोष्ट कोणी सांगितली, कुठल्या गावी, ती इतरांना ऐकवायला आजींची संमती आहे का, यातलं काहीही त्या नावात नसतं.

ही सोबतची माहिती म्हणजे मेटाडेटा. एरवी ती वहीत नाहीतर एक्सेलच्या तक्त्यात लिहितात आणि तिथेच घोळ होतो. एकाच बाईंचं नाव तीन तऱ्हांनी पडतं. फाइलचं नाव बदललं की तक्त्यातल्या नोंदीचा तिच्याशी संबंध तुटतो. 'लामेटा' हे मोफत सॉफ्टवेअर नेमकं यासाठीच आहे. त्यात माणसाची नोंद एकदाच करायची. मग प्रत्येक ध्वनिमुद्रणात ती व्यक्ती निवेदक होती की प्रश्न विचारणारी, एवढंच जोडायचं. ध्वनिफाइल किती वेळाची आहे हे ते स्वतः वाचून घेतं. संमतिपत्राची फाइल कोणाच्या नावावर आहे आणि कोणाच्या नाही, तेही यादीतच दिसतं. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण संमतीचा कागद शोधायला नंतर कोणी परत गावी जात नाही.

भाषेचा रकाना सर्वांत नाजूक. निहालीचा आंतरराष्ट्रीय संकेत 'एनएलएल'. 'एनएलएक्स' हा संकेत मात्र नहालीचा, आणि ती भिल्ली गटातली अगदी वेगळी भाषा. एक अक्षर चुकलं की आजींची गोष्ट भलत्याच भाषेच्या खणात जाते. शिवाय प्रश्न मराठीत आणि उत्तरं निहालीत असतील, तर अभ्यासाची भाषा आणि संवादाची भाषा वेगवेगळी नोंदवावी लागते. निहाली माणसं कोरकू ही शेजारची भाषाही सहज बोलतात, त्यामुळे मध्येच कोरकू आली तर तीही लिहायला हवी.

अशी ध्वनिमुद्रणं जपून ठेवणाऱ्या प्रत्येक अभिलेखागाराचा माहितीचा साचा निराळा. काहींना 'आयएमडीआय' नावाचा मेटाडेटाचा साचा लागतो, तर २००३ साली ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या 'पॅराडिसेक'ला वेगळ्या रचनेचा तक्ता. एकदा भरलेली माहिती लामेटा अशा निरनिराळ्या साच्यांत काढून देतं.

सॉफ्टवेअर मात्र कायम टिकत नाही. याच कामाचं 'आर्बिल' एके काळी बरंच वापरात होतं, पुढे त्याचा विकास थांबला. लामेटाच्या नोंदी ध्वनिफाइलींच्याच फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या रूपात राहतात. उद्या हे सॉफ्टवेअर बंद पडलं तरी त्या साध्या नोटपॅडमध्येही वाचता येतील.

वर्णनाचा चौकोन तेवढा आपणच भरायचा. गोष्ट आजी कोणाकडून शिकल्या, मध्येच बोलणारा दुसरा आवाज कोणाचा, हे त्याच संध्याकाळी लिहून ठेवावं, आजींना विचारून.