उबंटू टाक म्हणाला होता, मी डेबियन टाकलं

चवथीला घरी सगळे जमलेले, तेव्हा भाचा त्याचा जुना लॅपटॉप घेऊन आला आणि म्हणाला मामा ह्याच्यात विंडोजच्या जागी उबंटू (फुकट मिळणारी दुसरी सिस्टम) टाकून दे, विंडोज उघडेपर्यंत अख्खी आरती होऊन जाते. माझ्या पेनड्राइव्हवर तेव्हा तसंच दुसरं, डेबियन, होतं, म्हटलं काय फरक पडतो, तेच टाकलं. दोन दिवसांनी फोंड्याहून फोन. "मामा, नोट्समधली कमांड मारली तर मी सुडोअर्स फाइलमध्ये नाही म्हणतोय, ही कसली यादी, रेशनकार्डाची?" मग लक्षात आलं की फरक पडतो, आणि तो फोनवर सांगता येण्यासारखा नाही, म्हणून इथे लिहितोय.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. दोन्ही लिनक्सच आहेत, म्हणजे आतला कर्नल (हार्डवेअर चालवणारा गाभा) तोच, सॉफ्टवेअरची पाकिटं दोन्हीकडे .डेब, टाकायची पद्धत एपीटी, टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडलं तर नव्वद टक्के कमांड सारख्याच, त्यामुळे लोकांचा घोळ होतो ह्यात त्यांची काही चूक नाही. उबंटू डेबियनमधूनच निघालंय. पण घर एक म्हणून चूल एक असं नसतं ना.

डेबियन जुनं. १६ ऑगस्ट १९९३ ला इयान मर्डॉक नावाच्या अमेरिकेतल्या एका कॉलेजातल्या पोराने, पर्ड्यू युनिव्हर्सिटीत शिकत होता, जाहीर केलं की मी एक नवीन लिनक्स बांधतोय. कारण काय तर त्या वेळी एसएलएस नावाचं जे तयार पॅकेज लोक वापरायचे त्यात चुका भरपूर आणि दुरुस्त कोणी करत नव्हतं. नाव ठेवलं ते त्याच्या तेव्हाच्या गर्लफ्रेंडच्या डेब्रा ह्या नावातलं डेब आणि स्वतःचं इयान, जोडून डेबियन. (पुढे त्यांचं लग्न झालं, मग मोडलं, नाव मात्र राहिलं.) कंपनी नाही, पगार नाही. प्रत्येकाने एकेक पॅकेज सांभाळायचं, कोणी एडिटर, कोणी प्रिंटरचं काहीतरी, आणि सगळ्यांनी एकच नियम पाळायचे म्हणजे ते एकमेकांत बसतील. सॉफ्टवेअर सगळ्यांना मोकळं असावं म्हणणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने वर्षभर थोडी मदत केली, तेवढंच.

आपल्याकडच्या माणसाला हे समजवायचं तर जत्रेतलं नाटक बघा. गावची पोरं स्वतः वर्गणी काढतात, पडदे कोणाकडून तरी आणतात, पोस्टमनच राजा होतो आणि दुकानदार प्रधान, आणि कोण काय करणार ह्यावर देवळासमोर रात्री बारापर्यंत भांडण. डेबियन अगदी तसंच चालतं, भांडणासकट. त्यांची लेखी घटना आहे, दरवर्षी मतदान करून लीडर निवडतात, आणि मोठा वाद झाला की परत मतदान. २०१४ ला सिस्टमडी (संगणक चालू होताना बाकी सगळं सुरू करणारा प्रोग्रॅम) वापरायचं की नाही ह्यावरून एवढं पेटलं की काही जण उठून गेले आणि त्यांनी देवुआन म्हणून वेगळी चूल मांडली. गावकरीत पण असंच होतं की.

१९९७ ला त्यांनी सोशल कॉन्ट्रॅक्ट लिहिला, म्हणजे वापरणाऱ्यांना दिलेला शब्द, की डेबियन कायम फ्री (नुसतं फुकट नव्हे, कोणीही वापरावं, बदलावं, वाटावं असं) राहील आणि आम्ही बग लपवणार नाही. त्याच्यासोबत फ्री सॉफ्टवेअर म्हणजे नक्की काय ह्याचे नियम होते, आणि १९९८ ला ओपन सोर्सची, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरची, जी व्याख्या आली ती ह्याच नियमांवरून केलेली. हे लिहिण्यात पुढे असलेला ब्रूस पेरेन्स तेव्हा टॉय स्टोरी सिनेमा काढणाऱ्या पिक्सारमध्ये कामाला, म्हणून डेबियनच्या प्रत्येक आवृत्तीला टॉय स्टोरीतल्या पात्रांची नावं, बझ, वूडी, सार्ज, लेनी, आत्ताची ट्रिक्सी. आणि जी शाखा कायम अर्धवट, रोज बदलणारी, तिचं नाव सिड, खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा. मला हे नाव फार आवडतं.

आता उबंटू. मार्क शटलवर्थ, दक्षिण आफ्रिकेचा. त्याने थॉट नावाची इंटरनेट सिक्युरिटीची कंपनी काढली, १९९९ ला व्हेरीसाइनला विकली, अब्जाधीश रुपयांत झाला, २००२ ला स्वतःच्या पैशाने अंतराळात जाऊन आला. हा माणूस नव्वदच्या दशकात स्वतः डेबियनचा डेव्हलपर होता हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. त्याने एप्रिल २००४ मध्ये लंडनच्या आपल्या फ्लॅटवर डझनभर लोकांना बोलावलं, त्यातले बरेच डेबियनवाले, आणि सांगितलं की आपण ह्याच मालावर साधं सोपं काहीतरी बनवू, पगार मी देतो. कंपनीचं नाव कॅनॉनिकल. २० ऑक्टोबर २००४ ला पहिली आवृत्ती ४.१०, वॉर्टी वॉर्टहॉग. आकडा कसला तर २००४ सालचा दहावा महिना, एवढं सोपं. उबंटू हा झुलू-खोसा भाषांतला शब्द, माणुसकी असा अर्थ धरा.

पण मुळात हे करायची गरज का पडली? कारण डेबियन वेळेवर येतच नव्हतं. वूडी जुलै २००२ ला आलं आणि पुढचं सार्ज थेट जून २००५ ला, जवळजवळ तीन वर्षं, आणि तोपर्यंत नवीन हार्डवेअर बाजारात, नवीन ग्नोम (डेस्कटॉप), नवीन सगळं, आणि स्टेबल, म्हणजे पक्की झालेली आवृत्ती, वापरणारा माणूस जुनंच घेऊन बसलेला. डेबियनचं ठरलेलं उत्तर असं की तयार होईल तेव्हा येईल. उबंटूने सांगितलं एप्रिल आणि ऑक्टोबर, दरवर्षी, काय वाट्टेल ते होवो, आणि २००६ ची एक आवृत्ती दोन महिने उशिरा आली ती सोडली तर पाळलं.

इथे माझी जत्रेची उपमा उलटी पडते, कारण जत्रेची तिथी काही पुढे ढकलता येत नाही, नाटक बसो न बसो त्या रात्री पडदा वर जातोच, म्हणजे तारखेच्या बाबतीत जत्रा उबंटूसारखी. मालकीच्या बाबतीत मात्र डेबियन गावचं आणि उबंटू म्हणजे बाहेरून आणलेली नाटक कंपनी, पात्रं तयार, लाइट भारी, संहिता बरीचशी गावच्याच पोरांची. आणि कंपनीच्या मालकाने ठरवलं तर पुढच्या वर्षी नाटक बदलतं. झालंच ना तसं, युनिटी नावाचा डेस्कटॉप आणला, लोकांनी शिव्या घातल्या, मग सवय झाली, आणि २०१७ ला मालकाने जाहीर केलं की बंद, परत ग्नोम. कोणी मतदान घेतलं नाही.

तरी उबंटूला नावं ठेवायला माझी जीभ धजत नाही. २०११ पर्यंत ते जगात कोणालाही सीडी पोस्टाने फुकट पाठवायचे, टपालखर्चसुद्धा तेच भरायचे. त्या वेळी आमच्या गावात डायल-अपवर सातशे एमबी उतरवायची म्हणजे फोनचं बिल बघून बाबांनी घराबाहेर काढलं असतं, त्यात पावसात लाइन गेली की पहिल्यापासून. पोस्टमनने परदेशी शिक्क्याचं पाकीट आणून दिलं तेव्हा आईला वाटलं नोकरीचा कॉल आलाय. माझ्यासारख्या किती जणांनी लिनक्स पहिल्यांदा बघितलं ते त्या सीडीवर. डेबियन तेव्हाही होतं पण ते आमच्या दारापर्यंत आलं नाही, हे मान्य करावं लागेल.

आता रोजच्या वापरात कुठे पाय अडकतो ते सांगतो. भाच्याचं झालं ते असं की उबंटूमध्ये रूटचं (संगणकाच्या सर्वाधिकाऱ्याचं) खातं बंद असतं आणि पहिल्या युजरला सुडो, म्हणजे रूटचे अधिकार वापरायची परवानगी, मिळतोच. डेबियनचा इन्स्टॉलर रूटचा पासवर्ड विचारतो, आणि तो भरला की तुम्हाला सुडो देत नाही. रिकामा सोडला तर देतो. मी सवयीने भरला.

दुसरं म्हणजे फायरफॉक्स. २२.०४ पासून उबंटूत एपीटीने फायरफॉक्स मागितलं तरी मिळतं स्नॅप, म्हणजे कॅनॉनिकलच्या स्वतःच्या दुकानातलं पाकीट. डेबियनमध्ये साधं .डेब, ईएसआर म्हणजे जास्त काळ सांभाळली जाणारी आवृत्ती, थोडी जुनी पण शांत.

आणि तिसरं, हे खरंच महत्त्वाचं, पीपीए. ह्या उबंटूसाठी बनवलेल्या रेपॉझिटरी (सॉफ्टवेअरची कोठारं) असतात, आणि लोक विचार करतात दोन्ही .डेब आहे तर डेबियनमध्ये चालेल. मी केलंय हे. एका रात्री सगळ्या लायब्ररी (प्रोग्रॅमना लागणारे सामायिक तुकडे) एकमेकांशी भांडल्या आणि सकाळी डेस्कटॉपच उघडेना. डेबियनवाले ह्याला फ्रँकेनस्टाइनच्या राक्षसावरून फ्रँकेनडेबियन म्हणतात, आणि ते बरोबरच म्हणतात.

सपोर्टचं म्हणाल तर डेबियन स्टेबल साधारण दर दोन वर्षांनी येतं आणि एलटीएस (लांब मुदतीचा सपोर्ट) धरून पाच वर्षं अपडेट मिळतात, उबंटूचं एलटीएस पण पाच वर्षं, मधल्या आवृत्त्या फक्त नऊ महिने. जुना ३२ बिटचा संगणक असेल तर उबंटू कधीच सुटलं, आणि डेबियनने पण १३ पासून त्याचा इन्स्टॉलर बंद केलाय, तेव्हा १२ शेवटचं. इन्स्टॉलर मराठीत हवा असेल तर डेबियनमध्ये भाषा निवडतानाच मराठी आहे, आईला दाखवलं तर तिने पहिला स्क्रीन मोठ्याने वाचून काढला.

भाच्याचं मी फोनवरच सोडवलं, रूट होऊन स्वतःला सुडो ग्रुपमध्ये टाक, लॉगआउट कर, परत ये. आला. आता म्हणतो वर्गातल्या तिघांना पण हेच पाहिजे, रविवारी लॅपटॉप घेऊन येतात. ह्या वेळी रूटचा पासवर्ड रिकामा सोडायचा हे मी पेनड्राइव्हवरच चिकटवून ठेवलंय.