रिटायरमेंट व्हिलेजमध्ये राहणाऱ्या आई-बाबांची तक्रार: न्यू साउथ वेल्समध्ये मोफत मदत कशी मिळते

व्हिलेजच्या व्यवस्थापनाशी वाजलं की पहिला विचार वकिलाचा येतो. तो जरा बाजूला ठेवा. आधी तक्रार कशाबद्दल आहे ते बघा, कारण कुठे जायचं ते त्यावर ठरतं.

महिन्याचं शुल्क, दुरुस्ती, करार, घर सोडताना कापली जाणारी डिपार्चर फी हे सगळं १९९९ च्या रिटायरमेंट व्हिलेजेस कायद्यात येतं. सरकारी अनुदानातून घरी येणाऱ्या केअर वर्करबद्दल तक्रार असेल, तर तो वेगळा विषय. त्यासाठी 'ओपॅन' या ज्येष्ठांच्या वतीने बाजू मांडणाऱ्या संस्थांच्या जाळ्याला १८०० ७०० ६०० वर फोन करा.

करार-शुल्काच्या बाबतीत सीनियर्स राइट्स सर्व्हिस ही ज्येष्ठांच्या हक्कांसाठीची संस्था मोफत आणि गोपनीय मदत देते. करार समजावून सांगणं, हक्क काय आहेत ते सांगणं, आई-बाबांची संमती असेल तर त्यांच्या वतीने बोलणं अशी ही मदत असते. संमती महत्त्वाची: मुलगा किंवा मुलगी म्हणून आपण फोन केला, तरी निर्णय त्यांचाच. त्यांना स्वतःला बोलणं जमत नसेल, तर मुखत्यारपत्राची प्रत लागेल. इंग्रजीची अडचण असेल तर टिस नॅशनलच्या १३१ ४५० वरून दुभाषा मागा. घरातल्याच कुणी भाषांतर करण्यापेक्षा ते बरं. पैशांच्या विषयात आपण नकळत आपलंच मत घुसडतो.

पात्रतेची गुंतागुंत फारशी नाही. ५५ वर्षं पूर्ण झालेली किंवा पूर्णवेळ नोकरीतून निवृत्त झालेली व्यक्ती या कायद्यानुसार निवृत्त धरली जाते.

कागद मात्र नीट जमवा. मूळ करार, डिस्क्लोजर स्टेटमेंट (सहीआधी व्हिलेजने दिलेलं माहितीपत्रक), घर ताब्यात घेतानाचा कंडिशन रिपोर्ट (घराच्या स्थितीची नोंद), शुल्काची पत्रं, यंदाचं बजेट आणि व्यवस्थापनाशी झालेला सगळा ईमेल-व्यवहार. तोंडी झालेलं बोलणं तारखेसकट लिहून ठेवा. उदाहरणार्थ, गरम पाण्याचा हीटर बिघडला. तो व्हिलेजच्या मालकीचा असेल, तर दुरुस्तीचा खर्च रहिवाशांच्या नियमित शुल्कातून होतो. पण बदलून नवा बसवायचा झाला, तर पैसे चालकाने, म्हणजे व्हिलेज चालवणाऱ्याने, घालायचे. त्यामुळे बिलावर 'दुरुस्ती' लिहिलंय की 'बदली', यावर अख्खी तक्रार फिरते. प्लंबरची पावती फेकू नका.

क्रम असा: आधी चालकाला लेखी तक्रार. उत्तर पटलं नाही, तर फेअर ट्रेडिंग या राज्याच्या ग्राहक-संरक्षण खात्याकडे (१३ ३२ २०) मध्यस्थी मागता येते. मात्र तिथे बंधनकारक निकाल मिळत नाही. तो हवा असेल तर 'एनकॅट' या न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो. तिथे शुल्क आहे, पण पेन्शनधारकांना सवलत मिळते. साधारणपणे माणूस स्वतःच बाजू मांडतो आणि वकील उभा करायला परवानगी लागते. म्हणून अर्ज भरण्याआधीच सल्ला घ्या. बाजू कशी मांडायची ते तेव्हाच ठरवून घ्यावं.

आणखी दोन मुदती. करारावर सही केल्यानंतर ७ कामकाजाच्या दिवसांत तो रद्द करता येतो. राहायला गेल्यावर पहिले ९० दिवस 'सेटलिंग-इन'चे असतात. त्या काळात बाहेर पडल्यास डिपार्चर फी लागत नाही, मात्र जितके दिवस तिथे राहिलात तितक्या दिवसांचं रास्त भाडं द्यावं लागतं.